काटेवाली घ्यावी की लांब हाताची?

गेल्या महिन्यात हायड्रा क्रेनच्या दोरांवर लिहिताना मी सहज म्हटलं होतं, की माल उचलायच्या यंत्रांबद्दल काही अडलं असेल तर कळवा. यवतमाळात दारव्हा रोडवरच्या माझ्या गॅरेजात त्यानंतर पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, आणि एक गृहस्थ थेट मोटरसायकलवर येऊन बसले. चहा झाला, प्रश्न झाला, उत्तर अर्ध्यावर आलं तोच त्यांना साइटवरून फोन आला. त्यांचं उरलेलं उत्तर खाली सापडेल. प्रश्न फिरून फिरून रफ टेरेन फोर्कलिफ्ट आणि टेलिहँडलर या दोनच यंत्रांभोवती येत होते, म्हणून या वेळी वेल्डिंग आणि जनरेटरची पत्रं बाजूला ठेवली.

मी इंजिनिअर नाही. बत्तीस वर्षं साइटवर काढली, आधी हेल्पर, मग ऑपरेटर, मग मेकॅनिक. त्या हिशोबाने वाचा.

प्रश्न : मी दिग्रस तालुक्यात लहान बांधकामं घेतो. सध्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामाचं काम आहे. १०० फूट बाय ५० फूट, भिंत १८ फूट, वर लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि पत्रा. भिंतीला एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या काँक्रीटचे ठोकळे. जागा काळ्या रानात, डांबरी रस्त्यापासून दीडशे फूट आत. नागपूरच्या एका दलालाकडे ३ टनी जुनी रफ टेरेन फोर्कलिफ्ट विकायला आहे. दुसरीकडे टेलिहँडलर भाड्याने मिळतो, पण भाडं ऐकून पोटात गोळा येतो. पाऊस लागायच्या आत भिंती उभ्या करायच्या आहेत. काय घेऊ? — एक कंत्राटदार, ता. दिग्रस

भाऊ, तुमच्या पत्रात सगळी मापं होती, एक सोडून. म्हणून मी तुम्हाला फोन केला. विचारलं, पायाच्या चरी भरल्या का? तुम्ही म्हणालात, आठवडा झाला. खोल किती होत्या? पाच फूट. भरताना कुटल्या का? त्यावर तुम्ही जरा थांबलात आणि म्हणालात, "पाणी मारलं होतं." माझं निम्मं उत्तर तिथेच ठरलं.

आधी इतर वाचकांसाठी दोन्ही यंत्रं सांगतो. रफ टेरेन फोर्कलिफ्ट म्हणजे कारखान्यातल्या फोर्कलिफ्टचा गावरान भाऊ. पुढे उभा मास्ट, त्यावर वर-खाली होणारे दोन काटे, चाकं ट्रॅक्टरसारखी मोठी, पोट जमिनीपासून उंच. मॅनिटू या फ्रेंच कंपनीने १९५८ मध्ये ती बनवली ती कशी, हे ट्रॅक्टरवाल्यांना आवडेल: शेतातला ट्रॅक्टर घेतला, ड्रायव्हरचं तोंड फिरवून मोठ्या चाकांकडे केलं आणि त्या बाजूला मास्ट बसवला. वजन मोठ्या चाकांवर, वळण लहान चाकांवर. आजही त्या गाडीचा सांगाडा तोच आहे.

टेलिहँडलरला मास्ट नसतो. मागच्या अंगाला बिजागरीवर एक हात असतो, तो दुर्बिणीसारखा लांब होतो, आणि टोकाला काटे, बादली, हूक, जे लावाल ते. जेसीबीने आपला पहिला असा १९७७ मध्ये काढला. आपल्याकडे जेसीबी म्हटलं की खड्डे खोदणारा पिवळा बॅकहोच डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे खेड्यात याला "लांब हाताचा जेसीबी" म्हणतात. त्यांच्या मशीनच्या अंगावर ५३०-७० असा आकडा दिसला तर ३० म्हणजे ३ टन आणि ७० म्हणजे ७ मीटर, असा वाचायचा. फक्त एक लक्षात ठेवा. ते ३ टन हात आत असताना. हात पूर्ण पुढे काढला की त्या जातीची मशीन सव्वा टनाच्या आसपास येऊन थांबते. पुरता हिशोब केबिनमधल्या चार्टवर असतो.

आता तुमची जागा. तुमच्या भिंतीबाहेर चरीची कड साधारण दोन फुटांवर आहे. पाच फूट खोल चर, वरवर भरलेली, आणि माती काळी. त्या कडेपासून चाक निदान पाच फूट लांब राहिलं पाहिजे, खोली तेवढं अंतर. म्हणजे चाक भिंतीपासून सात फुटांवर. भिंतीला लागून चार फुटांची परांची. माल तिथे मधोमध टेकवायचा म्हणजे भिंतीपासून दोन फुटांवर, चाकाच्या पुढे पाच फुटांवर. फोर्कलिफ्टच्या काट्यावर पॅलेटचा, म्हणजे माल रचलेल्या लाकडी पाटाचा, मध्य चाकाच्या पुढे अडीच फूट जातो न जातो. पुढे जायला तिला हातच नाही. उरलेले अडीच फूट कसे भरून निघतील? ऑपरेटर चरीवर चाक घालेल, दुसरं काय. पहिल्या दिवशी काही होणार नाही. तिसऱ्या दिवशी होईल.

म्हणून दलालाची गाडी तुमच्या भिंतीच्या कामाची नाही. ती कितीही चांगली असो, तिची किंमत कितीही उतरो.

पण टेलिहँडलर महिनाभर भाड्याने घ्या असंही मी म्हणणार नाही. जरा पेन घ्या. तुमच्या भिंतीची लांबी ३०० फूट, उंची १८, म्हणजे ५,४०० चौरस फूट. ६०० बाय २०० मिलिमीटरचा ठोकळा सव्वा चौरस फुटाहून थोडी जास्त जागा झाकतो. दारं-खिडक्या वजा जाता चार हजार ठोकळे धरा. २०० मिमी जाडीचा कोरडा ठोकळा पंधरा-सोळा किलोचा. ओला असला तर अजून जड. साठ ठोकळ्यांचा एक पॅलेट केला तर तो टनभराचा होतो, आणि असे सदुसष्ट पॅलेट. त्यातले खालच्या पाच फुटांचे ठोकळे माणसं जमिनीवरूनच लावतात. राहिले अठ्ठेचाळीस. एक पॅलेट चढवायला दहा मिनिटं धरली तर सगळं मिळून आठ तासांचं काम आहे! मिस्त्री मात्र एका दिवसात एएसीची भिंत चार-पाच फुटांहून जास्त चढवत नाही, चढवूही नये. म्हणजे महिनाभर घेतलेलं यंत्र बरेचसे दिवस झाडाखाली उभं राहील आणि तुम्ही त्याचं भाडं भराल. पोटातला गोळा त्या हिशोबाचा आहे.

माझा सल्ला असा. भिंत पाच फुटांवर, दहावर आणि चौदावर आली, की दर खेपेला एकेक दिवस टेलिहँडलर बोलवा. शेवटच्या दिवसात पत्र्यांचे गठ्ठेही चढवून घ्या. मालकाशी बोलताना चार गोष्टी कागदावर घ्या: दिवस किती तासांचा, डिझेल कोणाचं, ऑपरेटरचं जेवण-राहणं कोणाकडे, आणि मशीन वाहून आणणाऱ्या लोबेड ट्रेलरची ये-जा कोणाच्या डोक्यावर. खरं भाडं त्या ये-जामध्ये लपलेलं असतं. दहा-वीस किलोमीटरवर दुसरं काम असेल तर मशीन रस्त्याने स्वतः चालत येते, तेव्हा नंबर प्लेट आणि विमा तेवढा पाहून घ्या. आसपास कोणाची शाळा, कोणाची टाकी चालू असेल तर दोघांनी मिळून मागवा.

कैच्यांसाठी टेलिहँडलरच्या नादी लागू नका. १८ फुटांच्या भिंतीवर ५० फुटांची कैची बसवायची म्हणजे तिचं शिखर, वर दोर, वर हूक, अशी उंची मोजा. ७ मीटरची मशीन तिथे पुरत नाही. एक दिवस हायड्रा आणा, कैचीच्या दोन्ही टोकांना हातदोर बांधा, वारा सुटायच्या आत सकाळी काम उरका.

परांचीबद्दल. टनभराचा सबंध पॅलेट बांबूच्या परांचीवर ठेवायचा नाही. कोणी ठेवताना दिसला तर खालची माणसं आधी बाजूला करा. पाइपची वेगळी घोडी उभी करा, तुमच्या इंजिनिअरकडून ती किती वजन पेलते ते लिहून घ्या आणि पॅलेट वीस-पंचवीस ठोकळ्यांचेच बांधा. फेऱ्या वाढतील, वाढू द्या. तीन दिवसांत तेवढा वेळ आहे.

आता काळी माती. दोन्ही यंत्रांचे विक्रेते मोठ्या चाकांचे फोटो दाखवतात, चाकावर चिखल उडालेला. तो चिखल आपला नाही. आपली माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि मृगाच्या दुसऱ्या पावसाला फुगून लोण्यासारखी होते. टेलिहँडलरचं स्वतःचं वजन सात-साडेसात टन. माल उचलून हात पुढे काढला की जवळजवळ सगळं वजन पुढच्या दोन चाकांवर येतं, म्हणजे एकेका चाकाखाली चार टन. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला गाऱ्यातून बाहेर काढतो हो, पण उभ्या गाडीखालची जमीन तो धरून ठेवत नाही. तुमच्या गोदामाभोवती चार मीटर रुंदीचा पट्टा आखा. वरची भुसभुशीत माती काढा. फूटभर मुरूम दोन थरांत टाका, प्रत्येक थर रोलरने दाबा, आणि पट्ट्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या म्हणजे पाणी पायाकडे जाणार नाही. चरीच्या बाजूला चुन्याची रेघ मारा आणि ऑपरेटरला सांगा, ही ओलांडायची नाही. नंतर तोच पट्टा गोदामाच्या ट्रकांना कामी येईल, त्यामुळे कंपनीच्या संचालकांकडून त्याचे पैसे मागायला लाजू नका.

मोटरसायकलवाले भाऊ, तुमचं काम आर्णीकडे शाळेच्या दुसऱ्या मजल्याचं आहे, चर कधीच बसली आहे, पण समोर सज्जा आहे ना? मग तुम्हालाही हेच लागू. सज्ज्याला वळसा घालून पलीकडे माल न्यायचा, तो टेलिहँडलरच्या हाताने जातो, मास्टने जात नाही.

प्रश्न : घाटंजी भागात नळ योजनेच्या पाइपलाइनचं काम आहे. पाइपांचं आवार पडीक शेतात केलं आहे. साडेपाच मीटरच्या लोखंडी पाइपांची बंडलं ट्रकमधून उतरवणं, रचणं, ट्रॉलीत भरणं, हेच रोज. जड बंडल सव्वादोन टनांचं. मित्र म्हणतो टेलिहँडलर घे, सगळी कामं करतो. — एक वाचक

मित्राला म्हणावं, सगळी कामं करतो हे खरं, पण तुमचं काम एकच आहे.

तुम्हाला माल फक्त सरळ वर-खाली न्यायचा आहे, दोन-अडीच मीटर. ट्रक आडवा उभा राहतो, गाडी त्याला चिकटून जाते, मध्ये ना चर ना परांची. इथे रफ टेरेन फोर्कलिफ्टच घ्या. तिचा मास्ट समोर आहे, त्याच्या फटीतून ऑपरेटरला दोन्ही काटे दिसतात. टेलिहँडलरचा हात ऑपरेटरच्या उजव्या अंगाला आडवा पडलेला असतो, त्या बाजूला मागे कोण उभं आहे ते आरशातच दिसतं, आणि तुमच्या आवारात तर ट्रॉलीवाल्यांची पोरं सारखी पायात येत असतील. दुसरं, टेलिहँडलरचा माल सरळ वर जात नाही, कमानीत जातो. सरळ न्यायचा तर हात वर घेताना लांबीही सोबत सांभाळावी लागते. मुरलेला ऑपरेटर ते न बघता करतो, नवा माणूस पाइप ट्रकच्या फाळक्यावर आपटतो. फोर्कलिफ्ट चालवायला ट्रॅक्टरवाला पोरगा चार-सहा आठवड्यांत तयार होतो. दुरुस्तीतही ती सोपी आहे: मास्टच्या साखळ्या, रोलर, दोन-तीन सिलिंडर. टेलिहँडलरच्या हातात आत साखळ्या, नळ्या आणि घसरपट्ट्या असतात. त्या पट्ट्या झिजल्या की हात खडखडतो, आणि तो खडखडाट ऐकून मशीन माझ्याकडे येईपर्यंत खर्च दुप्पट झालेला असतो.

एक हिशोब मात्र तुम्ही चुकाल असं वाटतं, म्हणून सांगतो. गाडीवर ३ टन लिहिलंय ते मालाचा मध्य काट्याच्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर असताना. तुमची पाइपांची बंडलं आडवी बसतात, मीटरभर खोल, म्हणजे मध्य ५०० वरच, सव्वादोन टन आरामात. पण पत्रात पुढे तुम्ही पंपाच्या पेट्याही लिहिल्या आहेत, सहा फूट लांब. ती पेटी काट्यावर लांबीत घेतली तर मध्य गेला ९०० वर. पुढच्या धुऱ्यापासून काट्याची पाठ समजा ४५० पुढे आहे. पहिल्या वेळी तराजूचा दांडा ९५०, दुसऱ्या वेळी १३५०. तीन हजाराला ९५० ने गुणा, १३५० ने भागा: २,१०० किलो. म्हणजे तीच गाडी, तोच ऑपरेटर, आणि नऊशे किलो कमी. पेटी आडवी घ्या किंवा वजन पाहून घ्या. नेमका आकडा गाडीवरच्या प्लेटवर असतो. जुनी गाडी घेताना प्लेट उखडलेली असेल तर मी ती गाडी घेत नाही.

उतारावर माल घेऊन जाताना मालाचं तोंड चढाकडे ठेवा. चढताना पुढे, उतरताना रिव्हर्स. बंडलांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरा मारा, आणि पाइपांच्या थप्पीवर कोणाला जेवायला बसू देऊ नका. सावलीला बसतात लोक, मी पाहिलंय.

प्रश्न : मी लांब हाताची मशीन चालवतो. तिचा बझर लय वाजते. माया मालक म्हन्ते, वायर काढून टाक, कायले डोकं उठवतं. काढली तं कामाचा खोळंबा नाही, नाही काढली तं मालक बोल्ते. मी काय करू? नाव नका छापू. — एक ऑपरेटर

वायर काढू नको, बाबा. मालकाला हे पान दाखव.

तुझा बझर मागच्या धुऱ्यावरचं वजन पाहतो. हात पुढे गेला, माल जड झाला, की मागची चाकं हलकी होतात. पुरती उचलायच्या आधी तो ओरडतो. नव्या मशीनवर तो हात पुढे काढणं आणि खाली घेणं अडवतो, फक्त आत घ्यायची मोकळीक ठेवतो. त्याचं कारण मला पुस्तकातून कळलं नाही.

मी तेव्हा एका साइटवर अशीच मशीन चालवत होतो. कुठली ते सांगत नाही. बझरची वायर आधीच कोणीतरी कापलेली होती, मीही काही बोललो नाही, बझर नाही म्हणून उलट बरंच वाटलं. दुपारची वेळ, विटांचा पॅलेट, हात वर आणि पुढे. स्टिअरिंग एकदम हलकं लागलं, जसं बैलगाडीचं जू वर उठतं तसं. मागे वळून पाहिलं तर मागचं चाक जमिनीला टेकलेलं, पण त्याचा फुगवटा गेलेला. मनात पहिला विचार आला, माल खाली घ्यावा. हात खाली ओढायला लागलो आणि मशीन अजून पुढे झुकली! वर उचललेला हात खाली येतो तेव्हा माल जमिनीकडे येतोच, पण मशीनपासून लांबही जातो. माझा हात लिव्हरवर थिजला. खालून मुकादम ओरडला, "आत घे ना बे, आत!" मी हात आत घेतला. मागची चाकं बसली. पॅलेटच्या वरच्या दोन थरांतल्या विटा खाली गेल्या. खाली कोणी नव्हतं, कारण ती जेवणाची सुट्टी होती. त्या दिवशी सुट्टी दहा मिनिटं आधी संपली असती तर, हे मी अजून मोजतो.

तर पहिलं: आधी आत, मग खाली. झोपेतही हेच हाताला आठवलं पाहिजे.

दुसरं, तुझा बझर पुढे कलंडण्याचा आहे. बाजूला कलंडण्याचं त्याला फारसं कळत नाही. त्यासाठी केबिनमध्ये मिस्त्रीच्या पाणसळीसारखी बुडबुड्याची नळी असते, ती रोज पुसून ठेव. चाकांमध्ये दोन मीटर अंतर असतं. एका बाजूचं चाक दहा सेंटिमीटर खचलं की मशीन तीन अंशांनी तिरकी होते. खाली बसून ते कळतही नाही. पण नऊ मीटर वर असलेला माल तेवढ्यानेच जवळपास अर्धा मीटर बाजूला जातो. हात वर न्यायच्या आधी बुडबुडा मधोमध आण, नंतर नाही. मशीनला पुढचे जॅक असतील तर त्यांच्याखाली रेल्वेच्या स्लीपरसारखे जाड लाकडी तुकडे ठेव, नुसत्या काळ्या मातीत जॅक खिळ्यासारखा आत जातो.

तिसरं, बझर "लय" वाजतो म्हणतोस. दिवसातून किती वेळा? पाच-सहा वेळा त्याच ठिकाणी वाजत असेल तर तिथे माल जड आहे किंवा मशीन लांब उभी आहे. पॅलेट लहान कर, मशीन जवळ घे. मोकळ्या काट्यानेही वाजत असेल तर सेन्सर बिघडलाय, मालकाला सांग दुरुस्त करून घे. मालक तेव्हाही वायरच काढ म्हणाला, तर समृद्धी महामार्गाच्या कामावरून सुटलेली दोन पोरं माझ्या ओळखीची आहेत, त्यांना विचार. नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि ती माझ्याकडे आली. दोघांनाही महिन्याच्या आत काम मिळालं. बझर ऐकणाऱ्या ऑपरेटरला काम मिळतं.

प्रश्न : हिंगणघाटजवळ आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. गाठी रचायला कोणती मशीन? — एक कारखानदार

दोन्हीही नको. तुमचं आवार फरशीचं आहे, गाठ १७० किलोची. साधी फोर्कलिफ्ट, पुढे गाठी दाबून धरणारा चिमटा. चिमट्याचं वजन गाडीच्या क्षमतेतून वजा करायला विसरू नका. रफ टेरेन गाडीला वळायला जागा फार लागते, थप्प्यांच्या गल्लीत ती अडकेल. टेलिहँडलरचा हात कैच्यांना लागेल. मात्र गाडी डिझेलची असेल तर रोज संध्याकाळी रेडिएटर आणि सायलेन्सरवरची रुई फुंकून काढा, आणि सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी बसवा. हे मशीनच्या निवडीपेक्षा मोठं आहे, तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : गावच्या पाण्याच्या टाकीला रंग द्यायचा आहे. फोर्कलिफ्टच्या काट्यांवर पॅलेट ठेवून दोन माणसं वर नेली तर चालेल का? परांचीचा खर्च वाचेल. — ग्रामपंचायत सदस्य

नाही.

टेलिहँडलरला माणसांचा कठडेवाला पिंजरा मिळतो, तो मशीनच्याच कंपनीने त्या मॉडेलसाठी मंजूर केलेला हवा, पिंजऱ्यातल्या माणसाला पट्टा हवा, आणि केबिनमधला माणूस एक क्षणही खाली उतरलेला चालत नाही. हे सगळं जमत नसेल तर परांचीच बांधा. खर्च ग्रामसभेत मांडा.

प्रश्न : मी कळंबची. बारावी झाली, घरी ट्रॅक्टर आहे, तो मी चालवते. वडील म्हणतात मशीन चालवणं पोरींचं काम नाही. मला टेलिहँडलर शिकता येईल का? — एक वाचिका

बाई, तुझ्या वडिलांनी तुला ट्रॅक्टर दिला तेव्हाच निम्मं काम केलं, त्यांना आता मागे फिरता येणार नाही. टेलिहँडलरला ताकद लागत नाही, सगळं हायड्रोलिक आहे. लागतं ते डोळ्याचं अंतर आणि सबुरी. नांगर वळवताना शेताच्या बांधाजवळ तू जेवढा पट्टा सोडतेस, तेच मोजमाप इथे कामाला येतं. आधी अठरा वर्षं पूर्ण आणि लायसन्स हातात, मग पुढचं. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं ऑपरेटरचं प्रमाणपत्र मिळतं, ते घेऊन ठेव. मोठ्या साइटवर गेटवरच विचारतात. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेचं काम तुझ्या दारावरून गेलंय, तिथल्या मशीन लांबून पाहिल्या असशीलच.

सुरुवात मात्र काटेवालीपासून कर. महिनाभर रिकामे पॅलेट उचल, ठेव, उचल, ठेव. माझ्या आवारात एक जुनी रफ टेरेन उभी आहे, रविवारी कोणी गिऱ्हाईक नसतं. वडिलांना घेऊन ये, आणि येताना चप्पल नको, बूट घालून ये.